डेव्हलपरला पहिला हप्ता पाठवण्याआधी

बाहेरच्या डेव्हलपरकडून ॲप करून घेताय, तर बजेट, एनडीए (गुप्तता करार), लोगो वगैरे तुम्ही करालच. पहिला हप्ता पाठवण्याआधी मात्र सही झालेला एक कागद हातात हवा: कोडचा कॉपीराइट तुमच्या कंपनीच्या नावे करून देणारा. नेमका हाच राहून जातो.

पैसे मोजले म्हणजे कोड आपला झाला, असं नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेलं मालकाचं धरतात. फ्रीलान्सरचा किंवा एजन्सीचा कोड लेखी करून दिल्याशिवाय तुमचा होत नाही. व्हॉट्सॲपवरचं ‘हो हो, तुमचंच आहे’ उपयोगाचं नाही. कागदही नीट वाचा. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि मिळालेला हक्क वर्षभर वापरला नाही तर तो संपतो. म्हणून ‘कायमस्वरूपी’, ‘जगभर’ आणि ‘वर्षभर न वापरल्यास हक्क संपण्याची अट लागू नाही’ हे तिन्ही स्पष्ट लिहून घ्या. कंपनी नोंदवण्याआधी मित्राने फुकटात कोड लिहून दिला असेल तर त्याचीही सही घ्या. मित्र आहे म्हणूनच घ्या.

आता काम. एका पानात लिहा: वापरणार कोण, स्क्रीन किती, आणि पहिल्या आवृत्तीत काय नाही. डब्याचं ॲप असेल तर रात्री दहाला ‘उद्या डबा नको’ म्हणणाऱ्याचे पैसे परत द्यायचे की पुढच्या महिन्यात वळते करायचे, हे तुम्ही ठरवा. डेव्हलपरवर सोडलंत तर तो त्याला सोपं पडेल तेच करेल.

माणूस निवडताना त्याने केलेलं, आजही चालू असलेलं ॲप बघा आणि त्या ॲपच्या मालकाशी बोला. एजन्सी असेल तर कोड प्रत्यक्ष कोण लिहिणार ते विचारा. मीटिंगला येणारा बहुधा तो नसतो. कोड लिहिणारा एजन्सीचा नोकर नसून बाहेरचा असेल तर त्याने हक्क एजन्सीला लिहून दिलाय का? नसेल तर एजन्सी तुम्हाला काय देणार, कपाळ? आधी आठवड्याचं छोटं काम पैसे देऊन करून घ्या आणि दुसऱ्या जाणत्याला दोन तासांचे पैसे देऊन तो कोड दाखवा. तुम्हाला स्वतःला त्यातलं कळणार नाही, मान्य करा.

गिटहब (कोड ठेवायची जागा), डोमेन (वेबसाइटचा पत्ता), क्लाउड (भाड्याचा सर्व्हर), प्ले कन्सोल (प्ले स्टोअरवर ॲप टाकायची जागा) ही खाती तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डावर; डेव्हलपरला फक्त आमंत्रण. प्लेचे एकदाच २५ डॉलर, ॲपलचे दरवर्षी ९९. कंपनीच्या नावाने खातं काढायला डी-यू-एन-एस क्रमांक (कंपनीची ओळख पटवणारा नऊ अंकी क्रमांक) लागतो, तो आधी मागवा. ओटीपीच्या एसएमएससाठी डीएलटी नोंदणी (टेलिकॉम कंपन्यांकडे करायची), हेडर (पाठवणाऱ्याचं नाव), टेम्प्लेट (मेसेजचा ठरलेला मजकूर) पहिल्याच आठवड्यात सुरू करा, नाहीतर ॲप तयार आणि लॉगिन बंद.

हप्ते तारखेवर नाहीत, तुमच्या फोनवर काय चालतंय त्यावर. शेवटचे वीस टक्के हातात ठेवा.

ताबा घेताना: दुसऱ्याच्या कोऱ्या लॅपटॉपवर कोड चालवून बघणं, बॅकअपमधून डेटा परत आणून बघणं, साइनिंग की (ॲपच्या नव्या आवृत्तीवर सही करणारी डिजिटल किल्ली) ताब्यात घेणं, पासवर्ड बदलणं. मधेच नवा माणूस कामावर आला होता? त्याचीही सही. मग शेवटचा हप्ता.