फेक जमली, पण मरळ सुटत राहिली

तीन हंगाम मी साकोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर मरळ मासा पकडायला गळ लावलेला रबरी बेडूक फेकला. त्या तीन हंगामांत माझ्या हाती ४ मरळी लागल्या. फेक मात्र गावात माझ्याएवढी कुणाची नव्हती. ४० हातांवर कमळाच्या दोन पानांमध्ये परातीएवढी मोकळी जागा असली, तरी बेडूक बरोब्बर तिथेच पडायचा आणि पाणी फारसं हलायचं नाही. मरळ यायची, फटका मारायची, पाणी हातभर उडायचं आणि दोरा रिकामा परत यायचा.

रीलवर दोरा कसा भरायचा, गाठ कशी मारायची, बेडूक पानांवरून कसा ओढायचा, हे तुम्हाला येतं असं धरून मी लिहितोय. हे लिहिणं त्यांच्यासाठी आहे, ज्यांना हे सगळं येतं आणि तरी पिशवी रिकामी घेऊन घरी जावं लागतं.

मी शिकलो मोबाइलवर, अमेरिकेतल्या बास माशाचे व्हिडिओ बघून. मोठ्या तोंडाचा हा बास मूळचा उत्तर अमेरिकेचा. आपल्या तलावात तो नाही आणि मरळीचा तो नातेवाईकही नाही. पण दोघांची शिकारीची रीत जवळची आहे. दोघंही पाणवनस्पतीच्या आडोशाला दबा धरतात आणि वरून जाणाऱ्या बेडकावर, लहान माशावर झडप घालतात. म्हणून त्यांच्याकडचा पोकळ रबरी बेडूक आपल्या मरळीलाही चालतो. या व्हिडिओंनी मला फेक शिकवली आणि रॉड धरायला शिकवलं, ते मी नाकारत नाही. पण व्हिडिओत मासा लागलेलाच दिसतो. सुटलेले २० मासे कुणी दाखवत नाही. त्यामुळे मासा सुटणं हा फक्त माझाच दोष आहे असं मला वाटायचं, आणि तो दोष नेमका कुठे आहे हे कळायचं नाही.

मासा सुटला की मी काय करायचो? आणखी फेक करायचो. धान निघाल्यावर खळं मोकळं झालं की बादली ठेवून तासन्‌तास फेकत बसायचो. जे जमतं तेच करायला बरं वाटतं. बादलीत बेडूक पडला की त्या दिवसाची हार पुसून जायची. नवीन पोरांना मी हेच पहिल्यांदा सांगतो: तुमचं जे अंग पक्कं आहे, त्याचा सराव महिनाभर बंद करा. ऐकायला कडू वाटेल, पण करा.

आता ज्या चुकीनं माझी तीन वर्षं खाल्ली, ती नीट सांगतो. थोडं लांबेल.

पोकळ बेडकाला दोन गळ असतात आणि त्यांची टोकं बेडकाच्या पाठीला चिकटून वर असतात. म्हणूनच तो पानांत, देवधानात (पाण्यातल्या जंगली धानात) अडकत नाही. पण याचाच दुसरा अर्थ असा, की बेडूक माशाच्या तोंडात दाबला जात नाही तोवर गळ उघडाच पडत नाही. मरळ झडप घालते तेव्हा पाण्यासकट बेडूक तोंडात ओढते, मग तोंड मिटते, मग खाली वळते. तोंड मिटण्याआधी तुम्ही रॉड ओढलात, तर बेडूक उघड्या तोंडातून सरळ बाहेर येतो. त्यात मरळीचा जबडा हाडाचा, कडक. गळ अर्धवट लागला तर तो आत रुततच नाही, नुसता घसरतो.

आणि माणूस नेमका तेव्हाच ओढतो. कारण पाणी फुटलेलं डोळ्याला दिसतं, कानाला ‘धप्प’ ऐकू येतं आणि हात आपोआप वर जातो. मी डोळ्यानं झटका मारत होतो. झटका हातानं मारायचा असतो. दिसलं म्हणून नाही, ऐकलं म्हणून नाही. दोऱ्यावर वजन आलं, तरच.

हे मला आमच्या गावच्या एका ढिवर, म्हणजे मासेमार समाजातल्या, काकांनी दाखवलं. ते स्वतः कधी रॉड-रील वापरत नाहीत. बांबूची काठी, जाड दोरा, एक गळ आणि खरा बेडूक. माझे दोन मासे पाठोपाठ सुटलेले त्यांनी पाळीवरून पाहिले आणि म्हणाले, “बाबू, तू त्याच्या तोंडातला घास काहून हिसकून राहिला? तोंड तं मिटू दे त्याले.”

मी म्हणालो, “काका, थांबलो तर थुंकून देईल ना.”

“थुंकते तं थुंकू दे. पुन्हा येते थो. तू पाठ कर पाण्याकडे.”

मला वाटलं चिडून म्हणतात. पण त्यांनी खरंच मला वळवलं. बेडूक फेकायचा, चार बोटं दोरा ढिला ठेवायचा आणि तोंड धानाच्या बांध्यांकडे करून उभं राहायचं. रॉड काखेजवळ, टोक मागे पाण्याकडे. रील हळूहळू फिरवत राहायची आणि बाकी सगळं हाताला कळेल तेव्हा. पहिल्यांदा मागे ‘धप्प’ झालं तेव्हा मी ओढलंच. काका काही बोलले नाहीत. दुसऱ्यांदाही ओढलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मागे पाणी फुटलं, मी दात दाबून उभा राहिलो, आणि मग दोरा आपणहून सरकायला लागला. कुणीतरी जड पिशवी हळूच उचलून घेऊन जावं तसा. तेव्हा झटका मारला. मरळ दीड किलोच्या आसपास होती. ती वर घेताना माझे हात इतके थरथरत होते की गळ काकांनाच काढावा लागला.

तर क्रम असा. फटका झाला की रॉडचं टोक खाली, पाण्याकडे. ढिला दोरा गुंडाळून घ्या. वजन जाणवलं की मग दोन्ही हातांनी, पूर्ण ताकदीनं, एकदाच. मध्ये मनात “एक, दोन” म्हणा असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. मोठी मरळ एकात खाली जाते, लहान मरळ तीन झाले तरी बेडकाची तंगडी धरून खेळत असते. मोजणं म्हणजे पुन्हा डोक्यानं झटका मारणं. वजन हीच खूण.

फटका चुकला तर बेडूक झपाट्यानं परत ओढू नका. तिथेच पडू द्या, थोड्या वेळानं जरासा हलवा. तोंडात न घेता नुसतीच धडक मारलेली मरळ बरेचदा परत येते. मी वर्षानुवर्षं चुकलेला बेडूक लगेच ओढून नव्यानं फेकायचो, कारण फेक मला आवडायची. बघा, पक्कं अंग असं आडवं येतं.

दोऱ्याबद्दल थोडक्यात: बेडकासाठी विणलेला दोराच (ब्रेडेड लाइन) घ्या. साधा नायलॉन ताणतो आणि झटक्याची अर्धी ताकद त्या ताणातच जाते. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहा. घसरलं तर बोथट, अडलं तर चांगलं. रॉड कडक हवा. बस, सामानाचं इतकंच.

सामानावर इतकंच का लिहिलं, तर पोरं तिथेच अडकतात म्हणून. महिन्याला नवा रंग, नवा आकार. बास माशाचा जागतिक विक्रम १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरी नावाच्या तरुणानं केला. २२ पौंड ४ औंस, म्हणजे १० किलोंच्या वर. मंदीचा काळ, घरी गरिबी. तो मासा घरच्यांनी रांधून खाल्ला. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली, ती जिवंत लहान मासा आमिषाला लावून. पेट्या भरून ल्यूर, म्हणजे नकली आमिषं, आणली म्हणून विक्रम होतो असं मला कुठे दिसलेलं नाही. बाजारात ‘हमखास’ वासाची बाटली मिळते, तिच्यावर मी पैसे घालवले आहेत. मरळ हालचाल आणि पाण्यातला कंप धरून बेडकावर येते. ते पैसे पेट्रोलला ठेवा आणि चार दिवस जास्त तलावावर जा.

आणि एक. तारेवरून आकडा टाकून पाण्यात करंट सोडणारे, नाल्यात विषारी पावडर टाकणारे तुम्हाला भेटतील. “एका तासात टोपलं भरते” म्हणतील. त्यांच्यासोबत एकदाही उभे राहू नका. ते बेकायदा आहे, त्यात माणसंही मरतात, आणि त्या पाण्यात पुढे पिल्लूसुद्धा उरत नाही. यावर मला वाद घालायचा नाही.

माझं सगळ्यात कच्चं अंग मात्र झटका नव्हतंच. हे मला झटका सुधारल्यावर कळलं. कच्चं होतं ते पाणी वाचणं. झटका दिसतो, चुकला की लगेच कळतं. पाणी वाचता येत नाही हे कळतच नाही, कारण चुकीच्या जागी फेकलं तर काहीच होत नाही आणि आपण म्हणतो, आज मासा खात नाही.

मरळीचं एक मोठं गुपित उघड्यावर आहे. तिला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, हवा घ्यायला तिला पाण्यावर यावंच लागतं. म्हणजे ती स्वतःचा पत्ता स्वतःच सांगते. आता मी तलावावर गेलो की पहिली २० मिनिटं रॉडला हात लावत नाही. पाळीवर बसतो. कुठे पाणी हलकंच फुटतं, ‘चुक’ असा लहान आवाज येतो, एक गोल कडं पसरतं. बेशरमाच्या झुडपांच्या कडेला, कमळाच्या पानांच्या आतल्या बाजूला, सांडव्याजवळच्या दलदलीत. तीच जागा पुन्हा फुटली की ती मरळ तिथेच राहते असं मी धरतो. मग बेडूक तिच्या डोक्यावर नाही टाकायचा. चार-पाच हात पलीकडे टाकून तिच्या बाजूनं आणायचा. डोक्यावर पडला की दचकून जाते.

उन्हाळ्यात तलाव आटतो तेव्हा हे सोपं वाटतं, कारण पाणी थोडं आणि मासे एका डोहात. त्या दिवसांत मिळालेल्या माशांवरून स्वतःला हुशार समजू नका. मी समजलो होतो. दिवाळीनंतर तलाव भरलेला असताना मरळ शोधता आली, तर पाणी वाचता येतं म्हणा.

वही ठेवा. तारीख, वेळ, पाणी किती, फटके किती, लागले किती, आणि सुटलेल्या प्रत्येकाचं कारण. माझ्या जुन्या वहीत एका पानावर ११ फटके आणि १ मासा आहे. त्या दिवशी कारणांच्या जागी मी ‘नशीब’ लिहिलं होतं. ते पान अजून वाचवत नाही.

गुरू कसा असावा यावर माझं मत पक्कं आहे. जो तुमची फेक बघून वा वा करतो, तो गुरू नाही. जो तुमचा सुटलेला मासा बघतो, त्याच्या जवळ बसा. आमच्या भागात अशी माणसं ढिवरांच्या मोहल्ल्यात आहेत. त्यांच्या कित्येक पिढ्या या तलावांवर गेल्या. महागडा रॉड घेऊन गेलेली शहरातली मंडळी त्यांच्याशी नोकरासारखं बोलतात, ते बघून माझा जीव जळतो. काकांना काका म्हणा, चहा न्या, शिंगाडे काढायला हात लावा. शिकवतील.

त्यातून दुसरी गोष्ट येते. हे तलाव कोहळी समाजातल्या लोकांनी आणि मालगुजारांनी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांनी, बांधले, १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. आज मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांनी पैसे भरून बीज सोडलेलं असतं. विचारल्याशिवाय गळ टाकणं ही चोरी आहे. संस्थेच्या माणसाला आधी भेटा, मरळच पकडणार की रोहू-कटलाही, ते स्पष्ट बोला. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलातल्या पाण्यावर तर रॉड नेऊच नका.

बेडूक पानांत अडकला तर दोरा तोडा. ३०० रुपयांच्या बेडकासाठी कमळाच्या देठांत उतरू नका. पोहता येतं म्हणून तर अजिबात नाही. देठ पायांना गुंडाळतात आणि खाली गाळ पाय सोडत नाही. मी एकदा छातीभर पाण्यात अडकलो होतो, काठावर भाऊ होता म्हणून निघालो. एकटे जात असाल तर हे पुन्हा वाचा.

घाबरवायचं म्हणून लिहीत नाही. हा नाद माणसाला सांभाळतो हेही खरं आहे. दोन वर्षं भरतीच्या परीक्षांत नाव लागत नव्हतं, तेव्हा मला पहाटे उठवणारी गोष्ट हीच होती. तीन हंगाम चुकत गेलो तरी हात शेवटी शिकला. तुमचाही शिकेल, आणि माझ्याइतका वेळ लागायचं काही कारण नाही, कारण कुठे चुकतं ते तुम्हाला आधीच माहीत आहे.

पावसाळ्यात एक दृश्य दिसेल. काठाजवळ पाण्यावर तांबूस-केशरी रंगाचा बारीक पिल्लांचा घोळका एकत्र वळवळताना, वर-खाली होताना. त्याच्या खाली मरळीची जोडी राखण करत असते. तिथे बेडूक टाकला तर फटका हमखास बसतो, कारण ती भुकेनं नाही, पिल्लांच्या जवळ आलेल्याला हाकलायला येते. आई-बाप काढले की तो घोळका बाकीच्या माशांच्या तोंडी जातो. मीही एकदा काढली आहे. नवीन होतो, फोटो काढला, सगळ्यांना दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी गेलो. पिल्लं थोडीच उरली होती, काठाला लागून, आणि खाली काहीच हलत नव्हतं. तेव्हापासून पाऊस लागला की माझा रॉड घरी, आणि काकांसोबत पाळीवर बसून मी नुसती कडी मोजतो.