ऐनावरचं ओकब्लू कसं शोधावं

ओकब्लू फुलपाखरांच्या बऱ्याच जातींच्या अळ्या ओक झाडांवर वाढतात. कोकणात ओक कुठून आणणार? इथल्या मोठ्या ओकब्लूचं ऐन, अर्जुन, तामण यांच्या पानांवर भागतं. पावसाळा सरला की सकाळी निघावं. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालाच, कारण पुढे कळेल.

पहिल्यांदा ऐन गाठा. खोडाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. पान उलटलं की देठाजवळ बारीक गाठी दिसतात. उंच, जुन्या झाडाखाली मान मोडत उभं राहण्यात अर्थ नाही. भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला, कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडलेला ऐन बघा. त्याला डोळ्यांच्या उंचीवर कोवळी पालवी फुटते, आणि अळ्यांना हवी असते तीच.

आता फुलपाखरू विसरा, हुमले म्हणजे तांबड्या मुंग्या शोधा. पानं शिवून घरटी करणारे हे हुमले आंब्या-काजूवरही असतात, ते सगळ्यांना चावून माहीत आहेत. घरट्याला हात न लावता आजूबाजूची पानं तपासा. हुमले नुसते ये-जा न करता एकाच जागी घोटाळत असतील तर तिथेच थांबा. चपटी अळी पानाशी चिकटून बसलेली असते, डोकं अंगाखाली लपवून. हुमले मिशांनी तिच्या पाठीवर टकटक करतात, मग शेपटाकडच्या ग्रंथीतून गोड रसाचा थेंब येतो आणि तो लगेच चाटला जातो. भिंग असेल तर हे बघण्यात अर्धा तास सहज जातो. रसाच्या बदल्यात राखण मिळते: अळीत अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्या आणि कोळी फारसे जवळ फिरकत नाहीत.

मोठं फुलपाखरू सापडणं नशिबाचा भाग. पंख मिटून सावलीत बसलं की तपकिरी, पट्टेदार, सुकल्या पानात हरवलेलं. मागच्या पंखाला बारीक शेपटी. फांदी हळूच हलवा. झगझगीत निळा रंग क्षणभर चमकेल आणि ते जवळच पुन्हा बसेल. पाठलाग करू नका, बसलेली जागा नजरेत धरून सावकाश जा.

अळी घरी डब्यात वाढवायचा मोह होतो. रस चाटायला हुमले नसले तर तो अंगावर साचून बुरशी धरू शकते. तिला झाडावरच राहू द्या आणि चार-पाच दिवसांनी त्याच फांदीवर पुन्हा बघा.