प्रवासखर्चाचा ऑनलाइन फॉर्म: तो परत का येतो आणि एकदाच कसा भरावा

मी अकाउंट्समध्ये बसतो. ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये भरलेले प्रवासखर्चाचे क्लेम सगळ्यात शेवटी माझ्या स्क्रीनवर येतात आणि त्यातले बरेच मला परत पाठवावे लागतात. कुणी पैसे खाल्लेले असतात म्हणून नाही. लोक स्क्रीनवरचा फॉर्म कागदासारखा भरतात म्हणून. कागदाला समास असायचा. तिथे खुलासा लिहिता यायचा, "बिल उद्या देतो साहेब" अशी चिठ्ठी टाचता यायची. इथे तुम्ही एका रकान्यात जे टाकता, त्यावर पुढचे रकाने ठरतात आणि फॉर्म कुणाकडे जाणार तेही ठरतं.

आधी फॉर्म कोणता ते बघा

निघण्यापूर्वी ॲडव्हान्स घेतला असेल तर 'सेटलमेंट' उघडायचं. खिशातून खर्च केला असेल तर 'रिइम्बर्समेंट'. दोन्ही फॉर्म जुळ्या भावांसारखे दिसतात, म्हणूनच घोळ होतो. ॲडव्हान्स घेऊन रिइम्बर्समेंट भरलंत, तर ॲडव्हान्स तुमच्या नावावर तसाच उभा राहतो आणि कधीतरी पगारातून कापला गेला की मग फोन येतो.

काहीही न भरता शेवटपर्यंत खाली जा

लाल चांदणी असलेले रकाने सोडता येत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. राखाडी रकान्यांकडे मात्र कुणी बघत नाही. नाव, विभाग, रिपोर्टिंग मॅनेजर ही माहिती एचआरच्या नोंदीतून आपोआप येते, तुम्हाला ती बदलता येत नाही. तिथे जुन्या मॅनेजरचं नाव दिसत असेल तर तिथेच थांबा आणि आधी एचआरला सांगून नोंद दुरुस्त करून घ्या. नाहीतर तुमचा क्लेम अशा माणसाकडे जाऊन पडेल, ज्याचा तुमच्याशी आता काही संबंधच नाही.

मग यादीतून निवडायचे रकाने भरा, रकमा सगळ्यात शेवटी. 'प्रवासाचं साधन' यात 'स्वतःची गाडी' निवडलं की किलोमीटरचा रकाना उघडतो, 'टॅक्सी' निवडलं की बिल नंबर मागतो. रकमा टाकून झाल्यावर साधन बदललंत, तर बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये खालचं भरलेलं सगळं पुसलं जातं.

फॉर्म लाल का होतो

फॉर्म तपासतो तो साचा. किती अक्षरं, कुठे आकडा, कुठे अक्षर. खर्च खरा आहे का, ते बघणं आमचं काम. त्यामुळे साचा माहीत असला की निम्मी डोकेदुखी जाते.

हॉटेलच्या बिलावरचा जीएसटी नंबर घ्या. तो १५ अक्षरांचा. पहिले २ आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०. पुढची १० अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन, म्हणजे ५ इंग्रजी अक्षरं, ४ आकडे, १ अक्षर. शेवटचं १५वं अक्षर पडताळणीचं, आधीच्या १४ वरून हिशेबाने निघणारं. आता पुसट बिलावर ८व्या जागी शून्य आहे की ओ, असा प्रश्न पडला तर डोळे ताणू नका. ८ ते ११ या जागा आकड्यांच्या, म्हणजे ते शून्यच. बँकेचा आयएफएससी ११ अक्षरांचा असतो आणि त्यातलं ५वं कायम शून्य. तिथे ओ टाकणारे मी रोज बघतो.

पणजीला राहून आलेल्या एकाने ३० च्या जागी २७ टाकला होता, का तर कंपनी पुण्याची! फॉर्म लाल झाला, कारण पडताळणीचं अक्षर जुळेना. हॉटेल ज्या राज्यात, कर त्या राज्याचा. बिलावर आहे तसंच उतरवायचं.

आणखी एक, खास आपल्या लोकांसाठी. मोबाइलवर मराठी कीबोर्ड चालू असेल तर रकमेत मराठी अंक पडतात. तुम्हाला पाचशे दिसतात, सॉफ्टवेअरला मात्र ती संख्याच वाटत नाही आणि ते नुसतं 'अवैध' म्हणून मोकळं होतं. इंग्रजी अंक टाका, स्वल्पविराम नको. व्हॉट्सॲपवरून नंबर कॉपी केला असेल तर शेवटी रिकामी जागा चिकटून आलेली असते, तीही काढा.

बिलं जोडताना

प्रत्येक खर्चाची वेगळी ओळ आणि त्या ओळीला तिचंच बिल. सगळ्या बिलांची एकच पीडीएफ करून पहिल्या ओळीला लटकवली की आम्हाला रम्मीसारखी पानं लावत बसावं लागतं. पेट्रोलपंपाची चिठ्ठी थर्मल कागदावर असते, काही दिवसांनी ती कोरी होते. फोटो त्याच दिवशी काढा.

टोलची तर आता चिठ्ठीच हातात पडत नाही, फास्टॅगमधून परस्पर पैसे जातात. फास्टॅगचं स्टेटमेंट काढा. पुण्याहून कोल्हापूरला गेलात तर त्यात खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी अशी चार नावं दिसतील. तेवढ्या नोंदींवर खूण करून ते पान जोडा. अख्ख्या महिन्याचं स्टेटमेंट नको, तुम्ही रविवारी लोणावळ्याला गेला होतात हे आम्हाला कळायची गरज नाही.

सबमिट केल्यावर

'सेव्ह' म्हणजे मसुदा. तो फक्त तुम्हाला दिसतो. 'सबमिट' केल्यावर क्लेम नंबर पडतो, तो लिहून ठेवा. नंबर नसेल तर क्लेम कुठेही गेलेला नाही.

'पेंडिंग' दिसलं तर त्यावर क्लिक करून कुणाच्या नावापुढे अडकलंय ते बघा, मग फोन करा. अकाउंट्सला फोन करणाऱ्यांपैकी निम्म्यांचा क्लेम मॅनेजरच्याच खात्यात पडून असतो. मॅनेजर रजेवर असेल तर त्याने आपले अधिकार दुसऱ्या कुणाला दिलेत का, ते त्यालाच विचारा.

'सेंड बॅक' आणि 'रिजेक्ट' यांत गल्लत करू नका. सेंड बॅक झालेला क्लेम तोच उघडायचा, शेरा वाचायचा, तेवढंच दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा. वैतागून नवा भरलात तर तीच बिलं दोन क्लेममध्ये दिसतात, सॉफ्टवेअर 'डुप्लिकेट' म्हणतं आणि मग दोन्ही अडकतात. रिजेक्ट झाला असेल तरच नवा भरा, तोही नाकारण्याचं कारण वाचून.