‘जीव घाबरा होतो’ : आरोग्य-संशोधनात फिनॉमिनॉलॉजी कशी वापरावी

समजा, बडोद्यातील दांडिया बाजारात राहणाऱ्या एका मधुमेही आजींना आपण विचारले, ‘साखर एकदम उतरली की काय होते?’ आणि त्या म्हणाल्या, ‘जीव घाबरा होतो.’ डॉक्टर याची नोंद घाम, थरथर आणि धडधड अशी करतील, आणि उपचारासाठी तेवढे पुरेसेही आहे. मात्र त्या क्षणी आजींना स्वतःचे शरीर, घर आणि वेळ कशी जाणवते, हा ज्याचा प्रश्न आहे, त्याला फिनॉमिनॉलॉजी, म्हणजे जाणिवेत जसा येतो तसा अनुभव तपासणारी विचारपद्धती, उपयोगी पडते.

म्हणून प्रश्न आधी नीट घडवावा. ‘किती रुग्णांना असे होते?’ किंवा ‘का होते?’ हे प्रश्न येथे बसत नाहीत. ‘साखर उतरण्याच्या धास्तीत एकटे राहणे कसे असते?’ हा बसतो.

मग वाट ठरवावी. फिनॉमिनॉलॉजीचा पाया घालणारे जर्मन तत्त्वज्ञ एडमंड हुसर्ल यांच्या मागे जाणारे वर्णनात्मक संशोधन अनुभवाचे सार शोधते आणि त्यासाठी आपले पूर्वग्रह बाजूला ठेवायला सांगते. त्यांच्यानंतरचे जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या विचारानुसार माणूस मुळातच जगात गुंतलेला असतो, त्यामुळे पूर्वसमज पूर्णपणे पुसता येत नाही. अर्थ लावणारी पद्धत त्याच समजेला हाताशी धरून पुढे जाते. बरेच प्रबंध पहिल्या प्रकरणात हुसर्ल आणि शेवटच्या प्रकरणात हायडेगर घेऊन फिरतात, आणि परीक्षक तेथेच बोट ठेवतात. शरीराचा अनुभव हाच विषय असेल, तर फ्रेंच तत्त्वज्ञ मोरिस मेर्लो-पाँती यांचा १९४५ मधील ग्रंथ टाळू नये : शरीर हे आपल्याजवळ असलेली वस्तू नसून जगाकडे जाण्याची आपली वाटच आहे, ही त्यांची भूमिका रुग्णांच्या बोलण्यावर थेट प्रकाश टाकते.

पूर्वग्रह बाजूला ठेवण्यासाठी हुसर्ल यांनी १९१३ मध्ये ‘कंसात ठेवणे’ ही गणितातली कल्पना घेतली. कंसातले पुसले जात नाही, फक्त त्याचा वापर थांबवला जातो. प्रत्यक्षात यासाठी मुलाखतीपूर्वी एका वहीत आपल्याला काय काय ठाऊक आहे ते लिहून काढावे. येथे घरच्याच संशोधकाला परक्यापेक्षा जास्त लिहावे लागते, असा माझा आग्रह आहे. ‘जीव घाबरा होणे’ आपण लहानपणापासून ऐकलेले असते, म्हणून आपण मान डोलावतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. खरे तर तेथेच थांबून ‘म्हणजे नेमके कुठे, कसे? मागच्या वेळी झाले तेव्हा तुम्ही कुठे होता?’ असे विचारावे. एका ठरावीक प्रसंगाचे वर्णन मिळाले की बोलणे मतांकडून अनुभवाकडे वळते.

बडोद्यात आणखी एक अडचण असते. घरी मराठी आणि बाहेर गुजराती बोलणाऱ्या आजी त्याच वाक्यात ‘गभरामण’ही म्हणतील. दोन्ही शब्द भीतीच्या जवळचे असले, तरी येथे कासाविशी, श्वासाची ओढाताण आणि मनाची धास्ती एकत्र असते. इंग्रजी प्रबंधासाठी त्यांचे घाईघाईने ‘एंग्झायटी’ केले, तर विश्लेषण सुरू होण्यापूर्वीच निष्कर्ष ठरून जातो. म्हणून मूळ शब्द जसेच्या तसे उतरवावेत आणि विश्लेषण मूळ भाषेतच करावे, भाषांतर शेवटी.

विश्लेषणासाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अमेदेओ जॉर्जी यांची पद्धत सोपी पडते : संपूर्ण मुलाखत वाचावी, अर्थ जेथे बदलतो तेथे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्याचा आशय आपल्या ज्ञानशाखेच्या भाषेत मांडावा आणि त्यांतून अनुभवाची रचना लिहावी. किमान तीन सहभागी असावेत, असे ते सांगतात.

निष्कर्ष रुग्णाला पुन्हा दाखवायचे की नाही, यावर मतभेद आहेत. मानसशास्त्रज्ञ पॉल कोलायझी यांच्या १९७८ च्या पद्धतीत ती अखेरची पायरी आहे, तर जॉर्जी तिच्या विरोधात आहेत. आजींकडे दुसऱ्यांदा जायचे असेल, तर नीतिसमितीकडे अर्ज करतानाच ती भेट संमतिपत्रात लिहून ठेवावी.