अनुदान अडलंय? वकील गाठण्याआधी या चुका टाळा

‘साहेब, पैसे बंद झालेत.’ एवढ्या चार शब्दांवर कुठलाही वकील काही करू शकत नाही, मग तो फुकटचा असो की फीवाला. तरी तालुका न्यायालयाच्या आवारातल्या, मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा समितीच्या खोलीत येणारी निम्मीअधिक माणसं एवढंच सांगतात आणि पिशवीतून लॅमिनेट केलेलं आधार कार्ड काढून टेबलावर ठेवतात. आधार कार्डावर अनुदान कुठे अडलं ते लिहिलेलं नसतं.

संजय गांधी निराधार अनुदान योजना असो, ज्येष्ठांसाठीची श्रावणबाळ असो की इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तीवेतन, पैसा हातात पडेपर्यंत चार मुक्काम लागतात: तालुक्याची मंजुरी, तहसीलच्या लाभार्थी यादीत नाव, तिथून थेट हस्तांतरणाने रक्कम सुटणं, आणि शेवटी बँकेत जमा होणं. प्रत्येक मुक्कामावरचं दुखणं निराळं आणि त्याचं दारही निराळं. कुठल्या मुक्कामावर गाडी थांबली ते न बघता थेट कोर्टात जायची भाषा करणाऱ्यांचे सहा-सहा महिने वाया जातात. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका त्यातूनच होतात.

‘आधार लिंक आहे’ म्हणून निर्धास्त राहणं

ही सगळ्यात जास्त दिसणारी, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात चीड आणणारी चूक. कारण ती पाच मिनिटांत तपासता येते आणि कोणीच तपासत नाही.

बँकेत आधारची झेरॉक्स दिली, खात्याला आधार नंबर जोडला, ही झाली ओळख पटवण्याची जोडणी. ती तुमच्या पाचही खात्यांना असू शकते. सरकारी पैसा मात्र आधार नंबरावर सुटतो, आणि त्या नंबरासमोर राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या (एनपीसीआय) नोंदीत जी एकच बँक लागलेली असते तिथे जाऊन पडतो. याला सीडिंग म्हणतात. सीडिंग एका वेळी एकाच बँकेशी असतं, आणि शेवटचं झालं ते खरं. तुम्ही तहसीलला कुठलं पासबुक दिलं होतं याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. डिसेंबर २०२४ पासून संजय गांधी आणि श्रावणबाळचे पैसे थेट हस्तांतरणाने सुटू लागले, आणि तेव्हापासून अशा प्रकरणांची रीघ लागली.

नमुना म्हणून एक प्रकरण जवळून बघा. साठीकडे झुकलेली विधवा बाई, संजय गांधीचे महिना १५०० रुपये. सात महिने पैसे नाहीत, म्हणजे १०,५०० रुपये अडकलेले. मुलाच्या तहसीलला चार खेपा झाल्या. तिथला क्लार्क म्हणतो, ‘आमच्याकडून गेले.’ बँकेतली बाई म्हणते, ‘आमच्याकडे आले नाहीत.’ दोघंही खरंच बोलत असतात, आणि घरच्यांना वाटतं मधल्या मधे कोणीतरी खाल्ले. गावातला एक हुशार माणूस तहसीलदारांच्या नावाने नोटीस लिहून देतो, त्याचे पाचशे रुपये वेगळे. शेवटी आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्थिती उघडून पाहिली, तर तिथे तिसऱ्याच बँकेचं नाव. वर्षभरापूर्वी गावात शिबिर लागलं होतं, दुसऱ्याच कुठल्यातरी योजनेसाठी. टेबलावर मशीन, मशीनवर अंगठा, ‘आजी, खातं उघडून देतो, फुकट आहे.’ त्या अंगठ्यासरशी नवं खातं उघडलं आणि सीडिंगही तिकडे सरकलं. सातही हप्ते त्या खात्यात सुखरूप पडून होते. त्याचं पासबुक नव्हतं, एक कार्ड होतं, आणि ते देवघरातल्या डब्यात होतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी सीडिंग स्थिती बघा: कुठली बँक, चालू की बंद, शेवटचा बदल कुठल्या तारखेला. त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. मोबाइल जोडलेला नसेल किंवा नंबर बंद पडला असेल तर पहिली खेप आधार केंद्रात, बाकी सगळं नंतर. पान उघडलं की त्याची छापील प्रत काढा, फोटोवर भागवू नका. नाव दुसऱ्याच बँकेचं निघालं तर आधी त्या बँकेत जाऊन खात्याचा उतारा घ्या, पैसे बहुधा तिथेच असतात. मग ज्या बँकेत पैसे हवेत तिथे सीडिंगचा संमती अर्ज भरा. त्यात ‘आधीची बँक’ असा रकाना असला तर तो रिकामा सोडू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. आठ-दहा दिवसांनी पुन्हा स्थिती बघा. ‘झालं म्हणाले’ हा पुरावा नव्हे.

बँकेने अर्ज घेऊनही काम केलं नाही तर शाखेकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला फी नाही, वकीलही लागत नाही. लोक ही पायरी गाळून तहसीलवर मोर्चा नेतात. तहसीलदार बँकेचं सीडिंग बदलू शकत नाही.

तोंडी नकार घेऊन घरी येणं

‘तुमचं नाव कमी झालंय.’ ‘वरून बंद आहे.’ ‘पुढच्या मीटिंगला बघू.’ ही वाक्यं ऐकून माणूस परत फिरला की त्याच्या हातात कायद्याच्या दृष्टीने काहीच उरत नाही. आदेशाविरुद्ध अपील करता येतं, वाक्याविरुद्ध नाही. आदेशावर तारीख असते, त्या तारखेपासून मुदत मोजतात. तोंडी नकाराला तारीखच नसते, त्यामुळे दोन वर्षांनी वकिलाकडे गेल्यावर ‘तेव्हापासून काय करत होतात?’ या प्रश्नाला उत्तर राहत नाही.

यावर उपाय एका पानाचा आहे. विषयाच्या ओळीत लिहा: ‘माहे अमुकपासून बंद झालेल्या अनुदानाचे लेखी कारण मिळणेबाबत.’ खाली योजनेचं नाव, मंजुरीच्या पत्राचा क्रमांक असेल तर तो, आधारचे शेवटचे चार अंक, शेवटचा हप्ता जमा झाल्याची पासबुकातली तारीख. मग दोनच मागण्या: बंद करण्याच्या आदेशाची प्रत द्यावी, आणि त्या आदेशावर अपील कोणाकडे व किती दिवसांत करायचं ते कळवावं. बस. घरची गरिबी, सुनेशी भांडण, आधीच्या सरपंचाचा राग, यातलं काही नको. जितकं लांब लिहाल तितकं त्यातलं मागणं हरवतं.

दोन प्रती काढा. एक आवक शाखेत, म्हणजे आलेले कागद नोंदवतात तिथे, द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का आहे पण आवक क्रमांक नाही, अशी पोच अर्धीच समजा. ‘साहेब जेवायला गेलेत, टेबलावर ठेवून जा’ म्हणाले तर ठेवून यायचं नाही, थांबायचं. घ्यायलाच नकार दिला तर टपालाने पाठवा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, तेव्हा खिडकीवर जुन्या नावाचा हट्ट न धरता स्पीड पोस्टने पाठवा आणि पोहोच मिळाल्याचा पुरावा मागून घ्या.

घाई असणाऱ्यांना हा सगळा द्राविडी प्राणायाम वाटतो. त्यांना ‘ओळखीतून फोन’ हवा असतो. फोनने कधीकधी काम होतंही, पण पुढच्या वर्षी तेच नाव पुन्हा यादीतून गळतं तेव्हा फोनचा आवक क्रमांक शोधून सापडत नाही.

माहिती अधिकारात ‘का’ विचारणं

‘माझे पैसे का बंद केले?’ असा अर्ज गेला की उत्तर ठरलेलं: प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. का विचारू नका, कागद मागा. ‘माझ्या प्रकरणावरील कार्यालयीन टिप्पणीची प्रत’, ‘ज्या बैठकीत नाव वगळलं त्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत’, ‘अमुक ते अमुक महिन्यांच्या देयक यादीतील माझ्या नावाची नोंद’. कारण त्या कागदांतच असतं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही, पण तसा पुरावा जोडावा लागतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. ते दिवस कॅलेंडरवर गोल करून ठेवा. अपिलाची तारीख चुकवून नवा अर्ज करत बसणारे पुष्कळ.

फुकटचा वकील म्हणजे दुय्यम वकील, असं समजणं

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग व्यक्ती, कारखान्यातले कामगार, पूर-दुष्काळासारख्या आपत्तीत सापडलेले, कोठडीतले, या सगळ्यांना उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते. वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे ती यात न बसणाऱ्यांसाठी. तरी विधवा बाईला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पिटाळणारे मदतनीस आजही भेटतात. मदतीच्या खोलीत तिने बाई असणं पुरेसं आहे. उत्पन्नाचा दाखला योजनेसाठी लागतो, वकिलासाठी नाही. संजय गांधीसाठी कुटुंबाची वार्षिक मर्यादा २१,००० रुपये, अपंगांसाठी ५०,०००. ही आणि ती मर्यादा एकमेकांत मिसळू नका.

मदत फक्त कोर्टकज्ज्यापुरती असते हाही गैरसमज. सल्ला, अर्जाचा मसुदा, कार्यालयापुढे बाजू मांडणं हे सगळं त्यात येतं. गरिबी निर्मूलनाच्या योजना माणसापर्यंत पोचाव्यात म्हणून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१५ मध्ये वेगळी योजनाच केली आहे, आणि गावपातळीवरचे विधी स्वयंसेवक त्यासाठीच आहेत. अर्ज तोंडी सांगितला तरी चालतो, तिथला माणूस लिहून घेतो. निर्णय शक्यतो त्याच दिवशी, फार तर ७ दिवसांत व्हायला हवा. जाणं जमत नसेल तर १५१०० वर फोन करा. आणि नेमून दिलेल्या वकिलाने ‘टायपिंगचे म्हणून’ पैसे मागितले तर देऊ नका. टायपिंग, नकला, कोर्ट फी हे त्या मदतीतच धरलेलं आहे. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी सांगा.

बाकीच्या, थोडक्यात

शपथपत्रासाठी पाचशेचा स्टँप विकत घेणं. सरकारी कार्यालयात द्यायच्या शपथपत्रावरचं मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे, आणि ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने बऱ्याच ठिकाणी साधं स्वयंघोषणापत्रच पुरतं. स्टँप विकणारा हे सांगणार नाही.

२०० रुपये जमा झाले म्हणून ‘१३०० कापले’ अशी तक्रार करणं. इंदिरा गांधी वृद्धापकाळमध्ये केंद्राचा हिस्सा वेगळा येतो, वय ८० च्या आत असेल तर २०० रुपये आणि पुढे ५००. उरलेली रक्कम राज्याकडून श्रावणबाळमधून, वेगळ्या तारखेला. आधी पासबुक भरून आणा, आणि दोन्ही नोंदी शोधा.

हयातीचा दाखला दर वर्षी लागतो हे विसरणं. ‘मागच्या वर्षी दिला होता’ म्हणजे माणूस मागच्या वर्षी जिवंत होता.

वयाची ६५ वर्षं पूर्ण झाल्यावर संजय गांधीतून प्रकरण श्रावणबाळमध्ये वळलं की नाही ते न बघणं. शाळेचा दाखला नसलेल्यांनी वयासाठी मतदार यादीचा उतारा किंवा सरकारी रुग्णालयाचं वयाचं प्रमाणपत्र तयार ठेवावं. नुसतं आधार पुढे करू नये. जन्मतारखेचा पुरावा म्हणून ते धरता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आधारवर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं, बँकेत तिसरंच. तिन्ही एकदम बदलायला धावू नका. आधार आधी, मग बँक, मग रेशन. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक खिडकी दुसरीकडे बोट दाखवते.

लोकअदालतीत समजल्याशिवाय सही करणं. बँकेने थकीत कर्जापोटी खातं गोठवलं आणि प्रकरण तडजोडीला लागलं, तर तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. अनुदानाच्या पैशाला हात लागणार नाही हे तडजोडीच्या कागदावर शब्दांत आलंय का ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, मागे रांग कितीही असो.

कोऱ्या कागदावर अंगठा. यावर आणखी लिहायला लागू नये, पण दर महिन्याला एक तरी असा कागद समोर येतोच.

आणि पहिल्यांदा खोलीत येताना काय आणायचं: सीडिंग स्थितीची छापील प्रत, गेल्या वर्षभराच्या नोंदी भरलेलं पासबुक, मंजुरीचं पत्र, हयातीच्या शेवटच्या दाखल्याची पोच, तहसीलला दिलेल्या अर्जाची आवक क्रमांकाची प्रत. पाचही कागद तारखेच्या क्रमाने लावून, मूळ एका पिशवीत आणि झेरॉक्स दुसऱ्या. मूळ कागद कोणाकडेही ठेवून जायचे नाहीत, वकिलाकडेसुद्धा.