ठाण्यात सायकलिंगच्या गटात कसे सामील व्हावे आणि आपल्या सायकल-दुकानाशी नाते कसे जपावे

सायकलिंगच्या गटात जाऊ इच्छिणाऱ्याला ठाण्यात हमखास मिळणारा सल्ला असा असतो की, आधी कार्बनची सायकल घ्यावी, तासाला ३० किलोमीटरचा वेग टिकेपर्यंत एकट्याने सराव करावा आणि मगच गटाकडे वळावे. हा सल्ला मुळातच चुकीचा आहे. एकट्याने वेग कमावलेला माणूस गटात आला की त्याच्या मागे राहणाऱ्यांना सर्वांत जास्त धास्ती वाटते, कारण त्याला जोर लावणे ठाऊक असते, पण आपल्या मागे कोणी आहे याची सवय नसते. पुढच्या काही क्षणांत हा काय करणार हे न विचारता कळावे, असा सायकलस्वार गटाला हवा असतो. साधी हायब्रिड सायकल आणि दोन तास टिकणारा २२–२४ चा वेग एवढ्यावर सुरुवात होते.

गट निवडणे

गट घराजवळचा असावा. वेग आणि नावलौकिक यांचा विचार त्यानंतर. पहाटे पाचच्या राइडसाठी रोज दुसऱ्या शहरात पोहोचणे फार काळ कोणालाही जमत नाही. कासारवडवली-वाघबीळकडच्या माणसाने घोडबंदर रस्त्यावरून निघणारा गट पाहावा, नेरूळ-बेलापूरच्या माणसाने पाम बीच मार्गावर जमणारा. राइड लीडरला दोन प्रश्न विचारावेत. मागे पडलेल्याला सोबत घेऊन येणारा स्वीप ठरलेला असतो का? आणि सायकलींना बंदी असलेल्या अटल सेतूवर किंवा द्रुतगती मार्गावर हा गट ‘पहाटे कोण बघतंय’ म्हणून शिरतो का? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ किंवा दुसऱ्याचे ‘हो’ आले, तर दुसरा गट शोधावा.

हेल्मेट, दिवे, दोन ट्यूब आणि पंप हे गृहीत धरतो. प्रेस्टा व्हॉल्व्हचा ॲडॅप्टर मात्र लोक विसरतात, आणि रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्या बारीक व्हॉल्व्हला बसत नाही.

रांगेत सायकल चालवणे

सपाट रस्त्यावर तासाला ३० किलोमीटरच्या वेगाला सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यात खर्च होते, आणि दुसऱ्याच्या आडोशाला नीट राहिले तर त्यातली साधारण पाव ते एक तृतीयांश शक्ती वाचते. गट रांगेत चालतो तो यासाठीच, आणि नवा माणूस पुढच्याच्या चाकाला चिकटण्याची धडपड करतो तीही यासाठीच. हा टप्पा मलाही सहजासहजी जमला नव्हता. त्या काळात ‘फक्त पुढच्याचे चाक धरून ठेव’ असे मला पुन्हा पुन्हा सांगितले गेले, आणि या विषयावर यापेक्षा वाईट सल्ला असू शकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

चाकाकडे टक लावून बसलेल्याला पुढे ब्रेक लागल्याचे कळते ते चाक अंगावर आल्यावरच. नजर पुढच्याच्या खांद्यावरून पलीकडे, त्याच्याही पुढच्या दोघा-तिघांवर असावी. रिक्षा आडवी आली की रांगेच्या तोंडाशी हालचाल होते, आणि ती दिसली की आपल्याला हळूहळू वेग कमी करायला पुरेसा अवधी मिळतो. सुरुवातीचे काही आठवडे एका सायकलच्या लांबीएवढे अंतर ठेवावे. हवेचा फायदा त्यात कमी मिळतो, पण मिळतो. अंतर कमी करण्याची घाई कोणी केली, तर त्याला नम्रपणे पुढे जाऊ द्यावे.

आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही शिरू देऊ नये. सायकलचा तोल हँडलच्या बारीक, नकळत होणाऱ्या वळणांवर टिकलेला असतो. दोन चाके घासली की ज्याचे मागचे चाक घासले तो डगमगून बहुधा सावरतो. ज्याचे पुढचे चाक अडले त्याला हँडल वळवताच येत नाही आणि तो पडतो. म्हणजे चूक मागच्याची आणि पडणाराही मागचाच. घोडबंदर रस्त्यावर पडण्याचा अर्थ मागून येणाऱ्या ट्रेलरच्या वाटेत पडणे असा होतो, त्यामुळे या एका बाबतीत मी कोणाशीही वाद घालत नाही.

पुढच्याशी अंतर कमी होऊ लागले तर ब्रेक दाबण्यापूर्वी पेडल मारणे हलके करावे, अंग थोडे उंच करून वारा घ्यावा, आणि तेवढ्याने भागले नाही तरच बोटांच्या टोकांनी ब्रेक लावावा. पेडलवर उभे राहायचे असेल तर आधी एक गिअर जड करावा. तसे न करता झटक्यात उठले की सायकल क्षणभर मागे सरकते आणि मागच्याच्या चाकाला जवळजवळ जाऊन भिडते. हे मागे पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि रांगेत मागे वळून पाहणे तर आणखी वाईट.

रांगेच्या तोंडाशी जाण्याची पाळी आली की नवा माणूस हटकून वेग वाढवतो. पुढे येताना मीटरवर २६ असेल, तर पुढे गेल्यावरही २६ च ठेवावा. हवा अंगावर आल्याने मेहनत वाढेल, वेग वाढता कामा नये. दमण्यापूर्वीच बाजूला व्हावे, कारण दमलेला माणूस बाजूला झाल्यावर रांगेच्या शेपटीला पुन्हा जोडला जात नाही. शेवटचा सायकलस्वार आपल्या शेजारून पुढे सरकायच्या आतच थोडा जोर लावून त्याच्या मागे बसावे. तो पुढे निघून गेल्यावर जोर लावला तर दुप्पट लावावा लागतो. कोणत्या बाजूने सुटायचे, हे प्रत्येक गटाचे वेगळे असते. ते निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

आणखी एक त्रासाची गोष्ट म्हणजे गतिरोधक. रांगेत सर्वांत पुढे असलेला सायकलस्वार गतिरोधक ओलांडून लगेच जोर लावतो, तेव्हा आठव्या क्रमांकाचा अजून ब्रेक लावून असतो, आणि मग रांग तुटून मागच्यांना उगाच धावाधाव करावी लागते. सर्व जण पार होईपर्यंत पुढच्याने धीर धरावा. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ येथील उड्डाणपुलांचे सांधे सरळ काटकोनात ओलांडावेत आणि खड्डा दिसला की हाताने दाखवून तोंडाने ओरडावे. नुसता हात पहाटेच्या अंधारात दिसत नाही. गायमुखच्या घाटात रांग मोडून सुटे चालवावे. पावसाळ्यात तर रांग करूच नये, कारण पाण्याखालचा खड्डा पुढच्यालाही दिसत नाही आणि त्याच्या चाकाचा चिखल थेट आपल्या डोळ्यांत येतो.

येऊर रोज चढले की हे सारे आपोआप येते, असा एक गोड गैरसमज आहे. चढावर वेगच इतका कमी असतो की आडोशाचा फायदा नगण्य, त्यामुळे तिथे पायांचा कस लागतो, पण रांग शिकता येत नाही; आणि उतरताना, पहाटे फिरायला आलेल्यांच्या गर्दीतून, रांग करणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

गटात मुरणे

राइडनंतरच्या चहाला थांबावे. पुढच्या आठवड्याचे सारे काही तिथेच ठरते.

काही महिन्यांनी कोणीतरी ब्रेव्हेचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पूर्ण करायच्या राइडचा, विषय काढेल. घाबरण्याचे कारण नाही: २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास मिळतात, म्हणजे थांबे धरून सरासरी ताशी १५ किलोमीटरच्या आसपास. शिस्तीत चालवणाऱ्यासाठी हा खेळ आहे; वेगाच्या हौशी माणसांचे दुपारच्या उन्हात नाशिक महामार्गावर पडघ्याच्या पुढे काय होते, ते स्वतःच पाहावे.

दुकान जपणे

गटातल्या एकाची सायकल बिघडली की सारेच थांबतात, म्हणून सायकल नीट ठेवणे ही खासगी बाब उरत नाही. आणि नीट राहणारी सायकल बहुतेक वेळा एकाच मेकॅनिकच्या हातात असते. दुकान निवडताना सवलत विचारू नये, अवजारे पाहावीत. चेन किती झिजली हे तो गेजने मोजतो की अंदाजाने सांगतो? कार्बनच्या भागाचा बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराइतकाच कसणाऱ्या पान्याने) कसतो की मनगटाच्या जोरावर? ११ किंवा १२ गिअरची चेन ०.५ टक्के ताणली गेली की बदलावी लागते. उशीर झाला तर कॅसेटही (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) जाते आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. हे आपणहून सांगणारा माणूस मिळाला, तर तिथेच थांबावे.

त्यानंतरची निष्ठा रोकडी असावी. ट्यूब, चेन, ब्रेक पॅड, केबल या वस्तू ऑनलाइन थोड्या स्वस्त मिळाल्या तरी दुकानातूनच घ्याव्यात, कारण त्यांच्या आधारावरच ते दुकान चालते. एखादा भाग बाहेरून आणलाच तर तो लपवू नये आणि बसवण्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. सायकल धुऊन न्यावी. ‘काहीतरी आवाज येतो’ असे न सांगता कोणत्या गिअरमध्ये, चढावर की सपाटीवर, जोर लावताना की पेडल थांबवल्यावर येतो, हे सांगावे. निम्मे काम तिथेच होते. शनिवारी संध्याकाळी जाऊन रविवारच्या राइडसाठी चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून मागणाऱ्याला कोणताही मेकॅनिक मनातून आपले गिऱ्हाईक मानत नाही. पावसाळा संपल्यावर बेअरिंग उघडून ग्रीस करायचे असते, पण तेव्हा सगळ्यांनाच ते आठवते, म्हणून सायकल आठवड्याच्या मधल्या दिवशी टाकावी.

एकाच दुकानाशी राहण्याचा मोठा फायदा दिसतो तो मागचा डीरेलर, म्हणजे गिअर बदलणारी यंत्रणा, आपटून तिला फ्रेमशी जोडणारा हँगर वाकल्यावर. हँगर बहुतेक फ्रेमचा वेगळा असतो आणि बाजारात सहजी मिळत नाही. ज्याने आपली सायकल वर्षानुवर्षे हाताळली आहे त्याला तो नेमका ठाऊक असतो, आणि आपण शहाणे असलो तर त्याच्याकडून एक जादा आणून घेतलेला असतो.

निष्ठेलाही मर्यादा आहे. दुकानात शिल्लक पडली म्हणून चुकीच्या मापाची फ्रेम गळ्यात मारणाऱ्या, किंवा काढलेला जुना भाग दाखवायला टाळाटाळ करणाऱ्या दुकानात पुन्हा जाऊ नये.

एक अवघड प्रसंग मात्र बऱ्याच जणांवर येतो: गटाचे संबंध एका दुकानाशी असतात, जर्सीवर त्याचेच नाव असते आणि आपला मेकॅनिक दुसराच असतो. अशा वेळी जर्सी आनंदाने घालावी, गटाने मिळून मागवलेले सामान त्या दुकानातून घ्यावे, सायकल मात्र आपल्याच मेकॅनिककडे न्यावी, आणि हे राइड लीडरला व मेकॅनिकला, दोघांनाही, पहिल्याच महिन्यात सांगून टाकावे.