पहिलं वर्ष जमिनीवरच काढा

झाडांवर चढून फांद्या छाटायच्या या कामात शिरणाऱ्या जवळपास प्रत्येक नव्या पोराचा पहिल्या आठवड्यातला प्रश्न ठरलेला असतो: वर कधी चढायला मिळेल? मीही विचारला होता. वस्तादांनी उत्तर दिलं नाही, हातात दंताळं दिलं. पुढचे अकरा महिने मी फांद्या ओढल्या, दोर गुंडाळले, करवतींना धार लावली आणि वर बघून बघून मान आखडून घेतली. तेव्हा राग यायचा. आता माझ्याकडे कोणी शिकायला आलं की मीही दंताळंच देतो.

झाडावर जे घडतं त्यातलं निम्म्याहून अधिक खाली ठरतं. वरचा माणूस बेचक्यात पाय रोवून उभा असतो, त्याला समोरची चार हात जागा दिसते. कापलेली फांदी जाताना कुठे आपटेल, खालून कोण चाललंय, त्याच्या स्वतःच्या दोराचं टोक कुठे पडलंय, हे खालच्यालाच दिसतं.

दोराच्या टोकाचं उगाच लिहिलेलं नाही. तिसऱ्या की चौथ्या महिन्यात मी चिपरवर होतो. फांद्या गिळून भुसा ओकणारं हे यंत्र. वर वस्ताद काम करत होते, खाली ढीग वाढत चालला होता आणि मला तो संपवायची घाई. एक फांदी बुंध्याकडून आत सरकवली, रोलरने ती पकडली आणि तिच्यामागून पाचोळ्यातून एक केशरी रेघ सरसरत निघाली. वस्तादांचा चढायचा दोर! मी थांबवायची दांडी ढकलली. दोराचं टोक रोलरपासून वीतभर लांब राहिलं होतं. वरून फक्त एवढंच आलं, ‘‘बंद केलंस?’’ मी म्हटलं, ‘‘हो, बंद.’’ खाली उतरल्यावर ते ओरडले नाहीत. शांतपणे दोर पिशवीत भरला आणि म्हणाले, ‘‘आता हात थरथरायचे थांबेपर्यंत बस.’’ त्या दिवसापासून उरलेला दोर माझ्या डोळ्यांसमोर पिशवीत असतो, ढिगाच्या उलट बाजूला. चिपरसमोर कधीही मधोमध उभं राहू नका, बाजूला राहा, सैल बाह्यांचे हातमोजे घालू नका. हे सगळं पहिल्याच दिवशी सांगतात, कळतं मात्र असं.

हाकांचंही तसंच. वरून ‘‘सोडतोय’’ आलं की खालून ‘‘मोकळं’’ असं उत्तर गेलंच पाहिजे. उत्तर नाही तर काप नाही. चेनसॉचा, म्हणजे साखळीच्या मशीन-करवतीचा आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो, दोघांच्याही कानांवर आवाज अडवणारे मफ असतात, म्हणून आधी मशीन बंद, मग हाक. नव्या पोरांना ही नाटकं वाटतात.

झाड वाचायलाही खालीच शिकता येतं. आमच्याकडचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हुशार हत्यार म्हणजे नायलॉनचा हातोडा. बुंध्याभोवती फिरत ठोकत जायचं. निरोगी लाकूड ठणठणीत बोलतं, पोकळ लाकूड ढोलासारखं. मुळाशी अळंब्या उगवल्या असतील तर फोटो काढून पुढे जाऊ नका, तिथेच बसा आणि आत काय कुजत असेल याचा विचार करा. बेचकं बघा. दोन खोडं मोकळी, रुंद फाकलेली असतील तर बरं. एकमेकांना चिकटून उभी असतील आणि मध्ये साल आत दाबली गेली असेल, मिटलेल्या ओठांसारखी रेघ दिसत असेल, तर तिथे लाकूड लाकडाला धरूनच नसतं. वारा आला की झाड तिथूनच फाटतं. आणि कोणी नुकताच शेजारी चर खणला असेल तर सगळ्यात आधी घाबरा. मुळं खोल जातात असं लोकांना वाटतं, पण बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटिमीटर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडेही पसरतात. वर झाड हिरवंगार आणि खाली अर्धे पाय कापलेले, असं मी बऱ्याचदा पाहिलंय.

आता कापाबद्दल. इथे जरा वेळ घेतो, कारण माझी चूक इथेच आहे. फांदी जिथे खोडातून निघते तिथे एक फुगीर वळी असते. तिला आम्ही कॉलर म्हणतो. काप तिच्या बाहेर घ्यायचा. जड फांदी असेल तर तीन काप: आधी खोडापासून हातभर लांब, खालून थोडा, मग त्याच्या जरा पुढे वरून, म्हणजे फांदी साल न सोलता सुटते, आणि उरलेला खुंट शेवटी कॉलरच्या बाहेर. मला पहिल्यांदा वर पाठवलं तेव्हा मी ‘स्वच्छ दिसावं’ म्हणून खोडाला सपाट घासून काप घेतला. कॉलरसकट. खालून फार सुबक दिसत होता.

ते झाड मला अजून बघता येतं. चांगल्या कापाभोवती नवं लाकूड गोल वळी करत येतं, मेदूवड्यासारखं. माझ्या कापाला दोन्ही बाजूंनी जाड ओठ आलेत, पण वर आणि खाली काहीच नाही. मधला लांबुळका भाग उघडा पडला, काळा झाला, आता तिथे बोट आत जातं. अमेरिकेच्या वनसेवेतल्या अलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून हेच पाहिलं आणि १९७७ मध्ये मांडलं: झाड जखम आपल्यासारखी भरून काढत नाही, ते तिच्याभोवती भिंती घालतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. आतली जखम तिथेच राहते, आयुष्यभर. मी कॉलर कापली म्हणजे भिंत घालणारा गवंडीच मारून टाकला.

म्हणूनच कापावर रंग किंवा डांबर फासा असं गिऱ्हाईक म्हणालं की मी हसून नाही म्हणतो. त्याने कूज थांबत नाही. त्यापेक्षा मोठा वाद ‘शेंडा उडवा’ म्हणणाऱ्यांशी. झाड उंच झालं, भीती वाटते, अर्ध्यावर आणा. अर्ध्यावर आणलं की झाड घाबरल्यासारखं ढीगभर फुटवे काढतं. ते सालीलगत चिकटलेले असतात, भराभर वाढतात आणि काही वर्षांत पुन्हा तीच उंची, फक्त आता जोड कमकुवत आणि खाली कुजका खुंट. एका वेळी पाव हिस्स्याहून जास्त हिरवा भाग काढायचा नाही हा आमचा साधा अंदाज, म्हाताऱ्या झाडाला त्याहूनही कमी. ‘नाही’ म्हटलं की काम जातं. दुसरा कोणीतरी येऊन दुपारपर्यंत शेंडा उडवून जातो, आणि आठवडाभर तुमचा मूड जातो. याची सवय होते असं म्हणणार नाही.

आमच्यात आपसातही एकमत कमीच. चहाला बसलं की दोराचा विषय निघतोच. जुने लोक सरकत्या दोरावर चढतात: दोर फांदीवरून घेऊन पुन्हा कमरेला, मीटरभर वर जायला दोन मीटर दोर ओढायचा. नवे लोक एकाच स्थिर दोरावर पायांच्या जोरावर भरभर जातात. ते सोपं आहे, पण दोर खाली बुंध्याला बांधला असेल तर वरच्या बेचक्यावर तुमच्या वजनाच्या जवळपास दुप्पट भार येतो, आणि हे विसरणारे भेटतात. पायाच्या खिळ्यांवर मात्र वाद नाही: जे झाड जगणार आहे त्यावर खिळे लावून चढायचं नाही, प्रत्येक पाऊल म्हणजे एक भोक. बॅटरीच्या करवतीची मी वर्षभर टिंगल केली. आता वरच्या कामाला तीच नेतो, कारण हाक ऐकू येते. एवढं असूनही खरं प्रेम वाकड्या पात्याच्या हातकरवतीवर. वर निम्मं काम तीच करते.

वर गेल्यावर मशीन सुरू करण्याआधी दोन ठिकाणी बांधलेलं असणं, एक मुख्य दोर आणि एक कमरेचा, हे चर्चेचं कामच नाही. वजनाचा अंदाजही खालीच करून घ्या. ३० सेंटिमीटर जाडीचा मीटरभर ओला ओंडका ६०-७० किलोचा असतो. तो दोरावर अर्धा मीटर पडून अडकला की झटका त्याच्या कितीतरी पट. वीजवाहक तार जवळ असेल तर प्रशिक्षण नसलेल्याने निदान ३ मीटर लांब राहायचं. ओली फांदी वीज वाहून नेते, तारेला हात लावायची गरज नसते.

अंगाचं थोडक्यात सांगतो. खांदे आणि कोपरं आधी बोलायला लागतात, मग मशीनच्या कंपनांनी बोटं बधिर होतात. थंडीत ती पांढरी पडू लागली तर ‘चालतंय’ म्हणू नका, डॉक्टरकडे जा.

शिकण्याचं विचाराल तर आंतरराष्ट्रीय वृक्षसंवर्धन संस्था १९२४ पासून आहे, १९९२ पासून ती प्रमाणपत्र देते, आणि परीक्षेला बसायला तीन वर्षांचा अनुभव किंवा त्या विषयाचं शिक्षण आणि थोडा कमी अनुभव लागतो. चांगली गोष्ट आहे, पण पहिल्या वर्षी तिच्या मागे लागू नका. प्रथमोपचार शिका आणि पाच-सहा गाठी अंधारात बांधता येतील इतक्या घोटा. प्रुसिक तर हवीच. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ मध्ये लोकांसमोर आणलेली ही गाठ सुटी असली की सरकते, भार आला की दोराला चावते.

आणि नोकरीला जाल तिथे पगाराआधी एक प्रश्न विचारा: वरचा माणूस शुद्ध हरपून हार्नेसमध्ये, म्हणजे अंगाला बांधलेल्या पट्ट्यांत लटकला, तर त्याला खाली कोण आणतं? असं निपचित लटकत राहणं थोड्याच वेळात जिवावर बेतू शकतं. कोणाकडे तरी बोट दाखवून ‘‘हा आणतो’’ म्हणाले, आणि चढायचा दुसरा संच गाडीत कुलूपबंद नसून झाडाखाली उघडा ठेवलेला दिसला, तर तिथे थांबा. ‘‘अग्निशमन दलाला फोन करतो’’ म्हणाले तर चहा पिऊन निघा.